ओल्ड मास्टर छापचित्रे आणि रंगचित्रे : मूल्यपारख

साधारण १४०० ते १८०० या काळातील युरोपीय चित्रकारांना कलाबाजारात ‘ओल्ड मास्टर’ म्हणतात. त्यांच्या रंगचित्राची किंमत ठरवताना पहिला आणि बहुतेकदा शेवटचाही प्रश्न असतो : हे कोणी रंगवले? छापचित्राचे तसे नाही. एकाच ठशावरून शेकडो कागद निघतात, आणि कलावंत मेल्यावरही ठसा छापतच राहतो. म्हणून चित्र जर्मन कलावंत ड्यूररचे किंवा डच कलावंत रेम्ब्राँटचे आहे हे ठरल्यावरही खरी पारख बाकीच असते. हातातला कागद ठशाच्या आयुष्यात नेमका कधी छापला गेला, हे शोधावे लागते.

आल्ब्रेख्ट ड्यूररचा (१४७१–१५२८) ‘गेंडा’ हे याचे उत्तम उदाहरण, आणि त्याची सुरुवात गोव्यात होते. गुजरातचा सुलतान दुसरा मुझफ्फरशहा याने पोर्तुगीज गव्हर्नर अफोन्सो द अल्बुकर्क याला एक गेंडा भेट दिला. अल्बुकर्कने तो आपल्या राजाकडे पाठवला. जानेवारी १५१५ मध्ये गोव्याहून निघालेले हे जनावर २० मे रोजी लिस्बनला उतरले. न्यूरेंबर्गमधल्या ड्यूररने ते कधीच पाहिले नाही. हाती आलेले वर्णन आणि रेखाटन यांवरून त्याने चित्र काढले, ते लाकडी ठशावर कोरले गेले आणि त्याच वर्षी छापून बाजारात आले. गेंड्याच्या खांद्यावरचे जादा छोटे शिंग ही त्या ऐकीव माहितीची खूण. पुढे पोपला भेट म्हणून रोमकडे नेताना हा गेंडा इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाजासह बुडाला.

ठशात ‘१५१५’ हे साल, प्राण्याचे नाव आणि ड्यूररची ‘ए-डी’ ही जोडाक्षरी मोहोर कोरलेली आहे. ती पाहून अनेकांना आपल्याकडचा कागद १५१५ सालचा वाटतो. पण ते साल ठशाचे आहे, कागदाचे नव्हे. तोच ठसा शंभराहून अधिक वर्षे वापरात होता आणि त्याच्या आठ आवृत्त्या ओळखल्या जातात. माथ्यावरचा जर्मन मजकूर मात्र ठशात नाही. तो सुट्या खिळ्यांनी जुळवून छापलेला असल्याने आवृत्तीगणिक बदलला. पहिल्या आवृत्तीत त्याच्या पाच ओळी आहेत, आणि पारखी माणूस आधी त्याच मोजतो. जुन्या संग्राहकांनी तो मजकूर कापून टाकला असेल तर ठशाच्या जखमांकडे वळावे लागते. पुढच्या काळात चौकटीच्या रेघा तुटल्या, वाळवीसारख्या किड्यांची भोके पडली आणि गेंड्याच्या पायांतून आडवी भेग गेली. ही भेग छापात पांढरी उमटते. ती दिसली की कागद उशिराचा, यात शंका नाही.

उशिराचा म्हणजे टाकाऊ, असे मात्र समजू नये. १६२० नंतर ॲमस्टरडॅममध्ये विलेम यान्सेन याने या जीर्ण ठशाला रंगछटेच्या दुसऱ्या ठशाची जोड देऊन दोन रंगांत छापे काढले. संग्राहक ते स्वतंत्र महत्त्वाचे मानतात, आणि माझ्या मते ते रास्तच आहे. पहिल्या आवृत्तीचा एक उत्तम कागद जानेवारी २०१३ मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात ८,६६,५०० डॉलरना गेला. त्याच १५१५ साली आउग्सबुर्गच्या हान्स बुर्कमायरनेही गेंड्याचा ठसा केला होता. त्याचा एकच कागद उरला आहे, तो व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयात. दुर्मिळतेत तो ड्यूररच्या फार पुढे, आणि जनावराच्या खरेपणातही. तरी जगाला माहीत झाला तो ड्यूररचा गेंडा. नुसत्या दुर्मिळतेवर किंमत बांधणारा इथे फसतो.

तांब्याच्या पत्र्यावरच्या कामात झीज आणखी लवकर दिसते. ड्रायपॉइंटमध्ये सुईने पत्रा खरवडताना रेघेच्या कडेला धातूचा बारीक खरखरीत काठ उठतो. त्यात शाई अडकते आणि रेघ मखमलीसारखी मऊ, गडद येते. प्रेसच्या दाबाखाली हा काठ काही डझन छापांतच दबून जातो. मग चित्र तेच असते, पण अंधार निघून गेलेला असतो. रेम्ब्राँटच्या (१६०६–१६६९) छापचित्रांचा जीव तर अंधारातच आहे, त्यामुळे त्याच्या बाबतीत हा फरक जीवघेणा ठरतो. शिवाय तो पत्र्यावर पुनःपुन्हा काम करी. अशा प्रत्येक बदलाला ‘स्टेट’ म्हणजे अवस्था म्हणतात, आणि अभ्यासकांनी त्यांना क्रमांक दिले आहेत. ड्यूररच्या ‘मेलेन्कोलिया’ (१५१४) या चित्रातल्या जादूच्या चौकोनात (आडवी, उभी, तिरपी बेरीज सारखीच येणारी आकड्यांची चौकट) पहिल्या अवस्थेत ९ हा आकडा उलटा कोरलेला आहे आणि पुढे तो सुलटा केलेला आहे. उलट्या नवाचे कागद अत्यंत दुर्मिळ आहेत.

रेम्ब्राँटचे येशू आजाऱ्यांना बरे करतानाचे चित्र (सुमारे १६४८) ‘शंभर गिल्डरचे चित्र’ म्हणून ओळखले जाते (गिल्डर हे डच नाणे). त्याच्या हयातीतच त्याला एवढी किंमत येत असल्याचा उल्लेख १६५४ च्या एका पत्रात आहे. त्याने त्याचे काही छाप जपानी कागदावर काढले. त्यावरची शाई उबदार दिसते, आणि आज ते फार मौल्यवान मानले जातात. पुढे अठराव्या शतकात झिजलेला मूळ पत्रा कॅप्टन विल्यम बेली या आयरिश हौशी कलावंताच्या हाती गेला. त्याने रेघा पुन्हा कोरल्या, सुमारे शंभर छाप काढले आणि मग पत्र्याचे चार तुकडे करून तेही छापले. रेम्ब्राँटचे दुसरे अनेक पत्रे पॅरिसच्या बासाँ या प्रकाशकाकडे गेले आणि विसाव्या शतकापर्यंत छापले जात राहिले. ‘मूळ पत्र्यावरून छापलेले’ एवढ्या शब्दांवर भाळून पैसे मोजू नयेत, ते यासाठी.

कागदही साक्ष देतो. जुना कागद चिंध्यांच्या लगद्याचा आणि हातचा असे. उजेडासमोर धरला की त्यात जाळीच्या रेघा आणि कधी बैलाचे डोके, मुकुट असे जलचिन्ह दिसते. योझेफ मेडर याने १९३२ मध्ये ड्यूररच्या छापांची क्रमवारी अशा जलचिन्हांच्या आधारे मांडली. रेघांविना एकसारखा दिसणारा कागद युरोपात १७५० च्या दशकात आला, त्यामुळे तशा कागदावरचा ड्यूरर त्याच्या हातचा असणे शक्य नाही. भिंगाखाली ठिपक्यांची जाळी दिसली तर ती छपाई यांत्रिक. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या आमाँ-द्युराँ याने ड्यूरर आणि रेम्ब्राँटच्या प्रतिकृती फोटोच्या साहाय्याने पत्र्यावर कोरून काढल्या. त्यांत ठिपके नसतात, म्हणून त्या जास्त फसव्या. त्यांच्या मागे सहसा लाल शिक्का असतो. खोडलेला किंवा झाकलेला शिक्का दिसला तर सावध व्हावे.

कागदाच्या पाठीवर जुन्या मालकांच्या खुणाही असतात. सतराव्या शतकातला पॅरिसचा व्यापारी पिएर मारिएत आपल्याकडून गेलेल्या कागदांवर सहीसोबत साल लिहीत असे. अशी सही असेल तर छाप त्या सालाआधीचा, हे उघड. या खुणांचा कोश फ्रिट्स लुग्ट याने १९२१ मध्ये प्रसिद्ध केला. छापचित्रांच्या ओळखीसाठीचे क्रमांक मात्र आजही पुष्कळदा व्हिएन्नाच्या आडाम बार्च याच्या २१ खंडांच्या सूचीतले (१८०३–१८२१) दिले जातात. समास कापलेला, धुऊन पांढरा केलेला किंवा मागून चिकटवलेला कागद किमतीत उतरतो. तरीही दुरुस्त केलेली फाट असलेला कडक, सुरुवातीचा छाप हा धडधाकट पण फिक्कट छापापेक्षा कधीही सरस. छापाचा कस पाहण्यासाठी एकाच चित्राचे अनेक छाप शेजारी ठेवून पाहावे लागतात. मोठ्या संग्रहालयांच्या छापचित्र विभागांत वेळ ठरवून ते पाहता येतात.

रंगचित्रांच्या लिलावसूचीत नावाभोवतीच्या शब्दांची उतरंड असते : नुसते नाव, मग ‘यांचे मानलेले’, ‘यांच्या कार्यशाळेतले’, ‘वर्तुळातले’, ‘अनुयायाचे’, ‘शैलीतले’ आणि ‘यांच्या चित्रावरून’. एका पायरीने किंमत कितीतरी पटींनी बदलते. बर्लिनचा ‘सोनेरी शिरस्त्राणाचा माणूस’ रेम्ब्राँटचे सर्वांत लाडके चित्र होते. तपासणीनंतर १९८० च्या दशकात ते त्याच्या हातचे नाही असे ठरले. चित्र तसूभरही बदलले नव्हते. उलट्या दिशेने ‘साल्वातोर मुंडी’ गेले : २००५ मध्ये न्यू ऑर्लीन्सच्या लिलावात ते १,१७५ डॉलरना विकले गेले होते. पुढे वरचे जुने रंग काढून ते लिओनार्दोचे म्हणून मांडले गेले. ते संपूर्णपणे लिओनार्दोच्या हातचे आहे का, यावर अभ्यासकांत आजही मतभेद आहेत.

जाणकाराची नजर लागते, पण ती एकटी पुरत नाही. १९३७ मध्ये आब्राहाम ब्रेडियस या नामवंत डच विद्वानाने ‘एम्माउसचे भोजन’ हे चित्र सतराव्या शतकातला डच चित्रकार व्हर्मेर याचे श्रेष्ठ काम ठरवले. ते हान फान मेगेरेन या बनावट चित्रे करणाऱ्याने नुकतेच रंगवले होते, रंग जुन्यासारखा कडक व्हावा म्हणून त्यात बॅकेलाइटसारखे राळद्रव्य घालून आणि भट्टीत तापवून. म्हणून आता रंगद्रव्ये तपासतात : प्रशियन निळा अठराव्या शतकाच्या आधीच्या चित्रात असू शकत नाही. लाकडी फळीची वर्तुळे मोजून झाड केव्हाच्या आधी तोडले गेले नसणार हेही काढता येते. मालकीच्या इतिहासात १९३३ ते १९४५ मध्ये खंड असेल तर नाझींनी लुटलेली वस्तू असल्याची शंका घेतली जाते.

बातमीतला आकडा वाचताना त्यात खरेदीदाराचे कमिशन धरलेले असते हे लक्षात ठेवावे. नोव्हेंबर २०१७ मध्ये ‘साल्वातोर मुंडी’वर हातोडा पडला तो ४० कोटी डॉलरवर. छापून आली ती रक्कम सुमारे ४५ कोटी. विम्यासाठीची किंमत याहून वेगळी, कारण ती तशीच वस्तू बाजारातून पुन्हा घ्यायला किती लागेल यावर धरतात आणि सहसा लिलावाच्या अंदाजापेक्षा जास्त असते. विकायला निघालेल्याने तो आकडा गृहीत धरू नये.