पाकिटावर न लिहिलेले शेंगदाणे

शेवेचं किंवा चटणीचं पाकीट कंपनीने बाजारातून परत मागवलं की आपण धरून चालतो, माल खराब निघाला असणार. पण अनेकदा माल ताजा आणि चवीला उत्तम असतो. त्यात शेंगदाणे, दूध किंवा तीळ असतात आणि पाकिटावर तेवढा शब्द नसतो.

सोलापुरात हे चटकन पटत नाही. भाजीत कूट, सणाला शेंगापोळी, कडक भाकरीबरोबर तेल सुटेस्तोवर कुटलेली शेंगाचटणी. शेंगदाणे आहेत हे आणखी सांगायचं कशाला? पण ज्याला त्यांची ॲलर्जी आहे, त्याचा घसा चिमूटभर कुटानेही सुजू शकतो, श्वास कोंडतो, रक्तदाब कोसळतो. दाणे भाजले म्हणून धोका जात नाही. असा माणूस पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचतो, आणि तिथे जे छापलंय त्यावर विश्वास टाकून घास घेतो.

या अक्षरांना कायद्याचं बळ उशिरा मिळालं. अन्नाची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या कोडेक्सने 1999 मध्ये ॲलर्जी आणणाऱ्या पदार्थांचे आठ गट नक्की केले. त्यांत भुईमूग, दूध, अंडी, मासे, सोयाबीन होते. अमेरिकेने 2004 मध्ये कायदा केला आणि 1 जानेवारी 2006 पासून ही नावं साध्या भाषेत छापणं बंधनकारक झालं. तरी 2014 च्या अखेरीस तिथे जिरेपुडीत शेंगदाण्याचा अंश सापडला. एका मसाल्यामुळे कितीतरी पदार्थ परत मागवावे लागले. ब्रिटनमध्ये 2016 साली सँडविचमधल्या तिळाने पंधरा वर्षांची मुलगी गेली; वेष्टनावर तिळाचा उल्लेख नव्हता. दुकानातच बांधून ठेवलेल्या खाण्यावरही सगळे घटक छापायचा नियम तिथे त्यानंतर, ऑक्टोबर 2021 मध्ये आला. अमेरिकेच्या यादीत तीळ 2023 पासून आहेत.

आपल्याकडे 1954 च्या कायद्याचा सगळा रोख भेसळीवर होता. अन्न सुरक्षा व मानके कायदा 2006 चा, माल परत मागवण्याचे स्वतंत्र नियम 2017 चे, आणि ॲलर्जीच्या घटकांची वेगळी ओळ 2020 च्या लेबल नियमांत. त्या यादीत भुईमूग आहे, गहू आहे. तीळ नाहीत. संक्रांतीला घरोघर तीळ वाटणाऱ्या मुलखात ही उणीव मला फार खटकते.

चटणीच्या कारखान्यात गेलं की अडचण डोळ्यांना दिसते. शेंगा, तीळ, जवस, कारळं, सगळं एकाच यंत्रात आलटून पालटून कुटलं जातं. भांड्याच्या कडेला मागच्या घाण्याचा तेलकट थर राहतो. जवसाच्या चटणीत दाणे जातात ते असे, कोणी न घालता. हिंगाचंही तसंच. बाजारातल्या बऱ्याच हिंगात गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो, आणि घटकांत नुसतं ‘हिंग’ लिहिलं की गहू लपतो.

पूर्वी चटणी ओळखीच्या दुकानातून कागदात बांधून यायची, काय घातलंय ते समोरच विचारता यायचं. आता तीच चटणी सीलबंद होऊन पुण्याला आणि परदेशी जाते, आणि तिकडे ती उघडणाऱ्याला विचारायला समोर कोणी नसतं.