सहा सेकंदांची थाप
ठाण्यात गणपतीच्या आधी डीजे मिक्स बनवणारी पोरं अजून एकमेकांना सांगतात की गाण्यातला सहा सेकंदांपेक्षा छोटा तुकडा उचलला तर कॉपीराइट लागत नाही. अरे बाबांनो, 1957 च्या कॉपीराइट कायद्यात असली सेकंदांची सूट नाहीचे! आणि रॉयल्टी-फ्री सॅम्पल (गाण्यात वापरायचे तयार आवाजाचे तुकडे) म्हणजे फुकट असंही नाही, दरवेळी वापरल्यावर परत रॉयल्टी द्यायची नाही एवढंच. खरंच फुकट पाहिजे तर फ्रीसाउंड ही आवाजांची वेबसाइट बघा, बार्सिलोनातल्या एका युनिव्हर्सिटीतून 2005 ला सुरू झालेली, पण तिथेही प्रत्येक सॅम्पलचं क्रिएटिव्ह कॉमन्स (सीसी) लायसन्स वाचायचं, सीसी झिरो असेल तर बिनधास्त घ्या, बीवाय असेल तर बनवणाऱ्याचं नाव टाका, एनसी असेल तर कमाईच्या ट्रॅकमध्ये नको. मी तर स्टेशनबाहेरचा रिक्षांचा कल्लाच मोबाइलवर रेकॉर्ड करून लूप (परत परत वाजणारा तुकडा) बनवलाय, भारी वाजतो.