अंगठी घासून लिपस्टिकमधलं शिसं कळत नाही हो!

ते जुनं फॉरवर्ड परत फिरतंय, हातावर लिपस्टिक लावा, वर सोन्याची अंगठी घासा, काळं झालं की शिसं आहे, फेकून द्या. आमच्या सोसायटीत एकीने शंभर-दीडशेची चांगली लिपस्टिक टाकूनही दिली, वर म्हणते स्वस्तात हेच मिळणार!

अहो घासल्यावर सोनं, तांबं असे धातू स्वतःच काळसर रेघ सोडतात. त्यात लिपस्टिकमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड, आयर्न ऑक्साइडसारखी बारीक खनिज पूड असते, तिने धातू अजून खरवडला जातो आणि मेणात काळा दिसतो, शिशाचा काही संबंध नाही. महागडीवर घासून बघा, तिच्यावरही उठेल. आणि जास्त टिकते म्हणजे शिसं जास्त, हेही खोटं, टिकणं सिलिकॉन रेझिन वगैरेमुळे असतं.

शिसं अजिबात नसतं असं नाही हं. रंगातून अंशमात्र येतं, म्हणून आपल्याकडे 20 पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत 20 भागांची, मर्यादा आहे. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध नियामक संस्थेने, 400 लिपस्टिक तपासल्या तर सरासरी 1.11 आणि सगळ्यात जास्त 7.19 पीपीएम निघालं. पण हे लॅबमध्येच कळतं.

तुम्ही फक्त पॅकवर कंपनीचं नाव-पत्ता, लायसन्स नंबर, बॅच, एक्सपायरी बघा, रस्त्यावरचा बिनलेबलचा माल नको. बाकी डबा भरताना जेमतेम दोन मिनिटं मिळणाऱ्या बाईला एक लिपस्टिक पुरते, ओठांवर लावायची, उरलेली बोटाने गालावर थोपटायची की निघाली ऑफिसला.