एक एम-ई, दोन एम-ई: मिक्सरमधली ही भानगड आली कुठून

मागे यावलकडे एका सप्त्याचं लाइव्ह होतं, यूट्यूबसाठी वर्गणीदारांच्या नावांची पट्टी सोडली तर ती मंडपातल्या एलईडी वॉलवरपण सरकायला लागली अन् लोक कीर्तन सोडून आपलं नाव कधी येतं तेच पाहत बसले. चूक माझीच, एकच आउटपुट दोन्हीकडे दिलं होतं. तिथला एक पोरगा म्हणे, भाऊ दोन एम-ईचा मिक्सर घ्या ना. मिक्सर म्हणजे अनेक कॅमेऱ्यांची चित्रं निवडून, मिसळून पुढे सोडणारं यंत्र, एवढं ठीक, पण एम-ई म्हणजे काय हे दुकानदारालाही धड सांगता येत नाही.

एम-ई म्हणजे मिक्स-इफेक्ट्स. जुन्या टीव्ही स्टुडिओतल्या मिक्सरला बटणांच्या दोन रांगा असायच्या, ए आणि बी, दोन्हीत तेच कॅमेरे आणि बाजूला एक दांडा. दांडा ओढला की ए वरचं चित्र विरघळून बी वरचं येतं, झालं मिक्स. एक चित्र पुसत दुसरं आणणं म्हणजे वाइप, चित्रावर अक्षरं बसवणं म्हणजे 'की' (key), हे सगळं इफेक्ट्सचं काम, त्याची सुरुवातीला वेगळी रांग असायची. आता अर्धी स्क्रीन निवेदक, अर्धी मैदान असं चित्र आधीच तयार ठेवायचंय आणि ऑन एअर चाललेल्याला धक्का लावायचा नाही, तर करायचं काय? इफेक्ट्सच्या रांगेचं आउटपुट मिक्सच्या रांगेत एका बटणावर आणून ठेवायचं, जणू अजून एक कॅमेराच. याला री-एंट्री म्हणतात आणि माझ्या मते सगळी गंमत इथंच आहे. पुढे दोन्ही कामं एकाच रांगेत बसली, तिचं नाव एम-ई पडलं, आणि मोठ्या मिक्सरवर अशा दोन-तीन रांगा एकावर एक आल्या.

मिक्सर बनवणारी ग्रास व्हॅली कंपनी १९५९ ची, तिचा पहिला स्विचर (म्हणजे मिक्सरच) १९६८ चा. ही यंत्रं टीव्ही केंद्रांनाच परवडायची. मुंबई दूरदर्शन १९७२ ला सुरू झालं, आमच्या खान्देशात मिक्सर पोचला तो लग्नाच्या कॅसेटमुळे, पॅनासॉनिकचा एमएक्स-५०. त्याआधी दोन चित्रं मिसळायची तर दोन्ही मशीनचा सिग्नल एका तालात लागायचा, एमएक्स-५० च्या पोटातच तो ताल जुळवणारा फ्रेम सिंक्रोनायझर, म्हणून साधे व्हीसीआर जोडून काम भागायचं. नवरदेव तऱ्हेतऱ्हेच्या वाइपमधून यायचा तो त्याच्याच कृपेने!

मग कॉम्प्युटरवरचे मिक्सर आले, १९९० ला अमिगा कॉम्प्युटरवर व्हिडिओ टोस्टर, २००५ ला ट्रायकास्टर. २०१० मध्ये ब्लॅकमॅजिक कंपनीने बंद पडलेल्या इकोलॅब या मिक्सर कंपनीची मालमत्ता घेतली, त्यातून एटेम नावाचे मिक्सर आले, आणि २०१९ चा एटेम मिनी आला तेव्हा २९५ डॉलरला होता. तो एकाच एम-ईचा. ओबीएस या लाइव्हच्या सॉफ्टवेअरमध्ये एक सीन दुसऱ्या सीनमध्ये टाकता ना, ती तीच जुनी री-एंट्री, फक्त दांडा गेला.

म्हणून पोराला सांगितलं, पट्टी डाउनस्ट्रीम 'की'वर ठेव, म्हणजे ती सगळ्यात शेवटी बसते, वॉलला क्लीन फीड दे, एका एम-ईत भागतं, कारण क्लीन फीड म्हणजे पट्टी बसायच्या आधीचंच चित्र. पण उद्या यजमान म्हणाले की वॉलवर महाराज आणि टाळकरी एकातून एक विरघळत पाहिजेत आणि यूट्यूबला आलटून पालटून श्रोते, टाळकरी, गाभारा, तर मिक्स दोन्हीकडे वेगळे लागतील, तिथं मात्र दुसरी रांग लागतेच.