गावपातळीवरील प्रथम प्रतिसादक (मराठवाडा)

अपघात, सर्पदंश, विषबाधा, वीज पडणे, हृदयविकाराचा झटका अशा प्रसंगी रुग्णवाहिका येईपर्यंत रुग्णाला सांभाळणाऱ्या, थोडेफार प्रशिक्षण घेतलेल्या बिनपगारी स्थानिक माणसाला शासकीय भाषेत ‘प्रथम प्रतिसादक’ म्हणतात. गावात हा शब्द कोणाच्या तोंडी नाही. तिथे तो सर्पमित्र असतो, आपदा मित्र असतो, आशाताई असते, नाहीतर नुसता ‘जीपवाला’ असतो. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत या कामाची एकच संघटना किंवा एकच गणवेश नाही. निरनिराळ्या कामांसाठी तयार झालेली माणसे वेळ आली की हे काम अंगावर घेतात. आशा कार्यकर्तीला कामावर आधारित मोबदला मिळतो, पण रात्री दोन वाजता कोणाच्या दारात जाऊन श्वास तपासण्याचा नाही. म्हणून तीही या नोंदीत येते.

गरज अंतरातून निर्माण होते. माणसे गावठाणापेक्षा शिवारात, वस्तीवर, तांड्यावर, परभणी-हिंगोलीकडे आखाड्यावर (शेतातल्या घरी) राहतात. पावसाळ्यात काळ्या रानातल्या पाणंद रस्त्यावर चारचाकी फसते; रुग्णाला बाजेवर किंवा ट्रॅक्टरमध्ये घालून डांबरीपर्यंत आणावे लागते. तिथून प्राथमिक आरोग्य केंद्र, मग ग्रामीण रुग्णालय, मग ‘पुढे न्या’. पुढे म्हणजे अंबाजोगाई, लातूर, नांदेड किंवा संभाजीनगरचे ‘घाटी’ हे सरकारी रुग्णालय.

या भागाला या कामाची ओळख ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झाली. ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा गणेश विसर्जन उरकून लोक नुकतेच झोपले होते. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाचा (मातीच्या सपाट छपराचा) भार अंगावर कोसळून लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत साडेनऊ हजारांहून अधिक माणसे गेली. लष्कर येईपर्यंत ढिगारे उपसले ते वाचलेल्यांनी आणि शेजारच्या गावांनी, बहुतेक हातांनीच. मोडलेल्या कण्याच्या माणसाला हातपाय धरून उचलायचे नसते, हे त्या पहाटे कोणी कोणाला सांगितलेले नव्हते. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची ‘आपदा मित्र’ योजना २०१६ मध्ये सुरू झाली. तीत १८ ते ४० वयोगटातल्या स्वयंसेवकांना सुमारे १२ दिवसांचे प्रशिक्षण मिळते: पूर, शोध-बचाव, प्रथमोपचार.

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ मध्ये सुरू झाली. सुरुवातीच्या ९३७ गाड्यांच्या ताफ्यापासून या सेवेचे वैशिष्ट्य म्हणजे गाडीत डॉक्टर असतो. त्यामुळे स्वयंसेवकाचे काम संपले नाही, बदलले. पूर्वी त्याला दवाखाना गाठायचा होता. आता गाडी येईपर्यंतचा वेळ भरून काढायचा असतो, आणि गाडीला वाट दाखवायची असते. हे दुसरे काम वाटते त्याहून अवघड आहे. फोन पुण्याच्या नियंत्रण कक्षात लागतो. घाबरलेला माणूस पत्ता सांगतो, ‘मारुतीच्या देवळापाशी या’. मारुती कोणत्या गावात नाही? शिवाय पिंपळगाव, वडगाव, पिंपरी ही नावे शेजारशेजारच्या तालुक्यांतही सापडतात. सरावलेला स्वयंसेवक आधी जिल्हा सांगतो, मग तालुका, मग आरोग्य केंद्राचे गाव, शेवटी फाटा. एकाला रुग्णापाशी बसवतो आणि दुसऱ्याला मोबाईलची बॅटरी लावून फाट्यावर उभा करतो. फाट्यावरचा हा माणूस कोणत्याही प्रशिक्षण पुस्तिकेतल्या पट्टीइतकाच मोलाचा असतो.

प्रत्यक्ष उपचाराचा मोठा भाग न करण्याचा आहे. सर्पदंशात हे सर्वांत ठळक दिसते. रुग्णाला मारुतीच्या पारावर नेणे, कडू लागतो का पाहायला कडुलिंबाचा पाला चावायला देणे, दंशाच्या वर करकचून दोरी आवळणे, पात्याने चिरा देणे: यातले काहीही विष कमी करत नाही आणि वेळ खाते. स्वयंसेवक दोरी सोडत बसत नाही. अगोदरच घट्ट बांधलेली असेल तर ती दवाखान्यात डॉक्टरांसमोर सोडणे बरे. तो अंगठी, बांगड्या, जोडवी, पायातला काळा दोरा काढतो, कारण सूज आली की तेच रुततात. हाताला-पायाला फळकुट बांधून हालचाल थांबवतो, रुग्णाला चालू देत नाही आणि दंशाची वेळ बॉलपेनने रुग्णाच्या हातावर लिहितो. साप मारून बरणीत आणायची गरज नसते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर एकच प्रतिविष चालते. यातला मण्यार फसवा. तो रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावतो, सूज जवळजवळ नसते, आणि पहाटे पोटात दुखते म्हणून ओवा दिला जातो. पापण्या जड झाल्या की मात्र श्वास थांबायला फार वेळ लागत नाही.

विंचूदंशाच्या उपचारात मराठवाड्याचे नाव वेगळ्या कारणाने येते. लाल विंचवाच्या विषाने हृदयावर होणाऱ्या परिणामावर प्राझोसिन हे औषध उपयोगी ठरते, हे दाखवणारे डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. त्यांचे काम कोकणात, महाडला झाले. दंशानंतर घाम फुटणे, हातपाय गार पडणे, उलट्या ही लक्षणे दिसली, आणि रुग्ण लहान मूल असेल तर विशेषच, स्वयंसेवक उतारा शोधत बसत नाही, गाडी बोलावतो.

वीज पडून दगावण्याच्या घटना इथे मोसमी पावसाच्या आधी आणि परतीच्या पावसात अधिक घडतात. लोक बेशुद्ध माणसाला हात लावायला भितात. अंगात वीज उरत नाही. छाती दाबायला ताबडतोब सुरुवात करायची असते. मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल. विजेने थांबलेले हृदय अनेकदा परत चालू होते, पण श्वास उशिरा येतो, म्हणून तोंडाने श्वास देणेही लागते. तोवर दुसऱ्याने उरलेल्यांना झाडाखालून हलवायचे.

फवारणीच्या दिवसांत कापसाच्या रानातून चक्कर, लाळ, बारीक झालेल्या बाहुल्या घेऊन माणूस येतो. कपडे काढून साबणाने अंग धुणे हा पहिला उपचार, आणि धुणाऱ्याने आपले हात वाचवणे हा त्यातला भाग. औषध कोणी मुद्दाम प्यायले असेल तर मिठाचे पाणी पाजून ओकारी काढायची नाही. डबा मात्र सोबत द्यायचा, कारण डॉक्टरला नाव हवे असते. सोयाबीनच्या मळणीत पदर किंवा बाही यंत्रात ओढली जाते. तुटलेले बोट धुवून ओल्या स्वच्छ फडक्यात, मग पिशवीत, आणि ती पिशवी बर्फावर. थेट बर्फात नाही. बर्फ फाट्यावरच्या कोल्ड्रिंकच्या दुकानात मिळतो. शेततळ्यात पडलेला पोहणारासुद्धा प्लास्टिकच्या अस्तरावरून वर चढू शकत नाही. कडेला दोर बांधून ठेवलेला असेल तर वाचतो. त्याला काढायला मागोमाग उडी टाकणारा दुसरा बळी ठरतो.

धुळे-सोलापूर महामार्गावर किंवा हंगामात उसाच्या ट्रॉल्यांच्या वाटेवर अपघात झाला की पोलिसांच्या भीतीने लोक लांब उभे राहत. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये मदत करणाऱ्याच्या संरक्षणासाठीच्या मार्गदर्शक सूचनांना कायद्याचे बळ दिले. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही आणि त्याला नाव सांगायची सक्ती करता येत नाही. गावात हे माहीत असणारे फार थोडे. पंचनाम्याची धास्ती कायद्याहून जुनी आहे.

उणिवा ठळक आहेत. प्रशिक्षण एकदाच होते आणि छाती दाबण्याचा हात सरावाशिवाय विसरतो. पिशवीतले हातमोजे संपले की परत कोण देणार, हे ठरलेले नसते. जीपच्या डिझेलचेही तसेच. भाजलेल्या किंवा बाळंतपणात अडलेल्या बाईपाशी पुरुष स्वयंसेवक दाराबाहेरच थांबतो, म्हणून शेवटी आशाताईलाच उठवतात, आणि प्रशिक्षणाला मात्र गावातून तरुण पोरेच पाठवली जातात. बीड, धाराशिवच्या कोरडवाहू पट्ट्यात आणखी एक अडचण असते. दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवलेल्या यादीतले अर्धे नंबर सांगली-कोल्हापूरच्या फडातून उचलले जातात.