डिस्क खरंच 'बेंड' होते का?

ताशी 80 किलोमीटरला ब्रेक लावला की स्टिअरिंग थरथरतं आणि पेडल पायाखाली धडधडतं. यावर बहुतेक गॅरेजांत ठरलेलं निदान मिळतं: "डिस्क बेंड झालीय." डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची तबकडी. लेथवर घासून आणा किंवा नवी टाका. पण बिडाची डिस्क रोजच्या वापरात क्वचितच वाकते. आत जे घडतं ते याहून कितीतरी रंजक आहे.

ब्रेक लावला की डिस्कवर दाबला जाणारा पॅड तिला नुसता घासत नाही. तापल्यावर त्यातलं द्रव्य डिस्कवर उतरतं आणि तिथे अतिशय पातळ थर तयार होतो. पुढे पॅड घासतो तो बराचसा स्वतःच्याच थरावर. दोन्हींचे कण क्षणभर चिकटतात, तुटतात आणि त्यात गाडीची गतिज ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. 1200 किलोची गाडी 80 च्या वेगातून थांबवली की सुमारे 3 लाख ज्यूल उष्णता निर्माण होते. तेवढ्यात जवळजवळ लिटरभर पाणी उकळीला येईल. घाटात 500 मीटर खाली उतरताना हाच आकडा वीसपट होतो. म्हणूनच घाट खालच्या गिअरमध्ये उतरायचा असतो. त्या उष्णतेचा मोठा वाटा मग इंजिन उचलतं.

थर सगळीकडे सारखा असेल तोवर ब्रेक थरथर न होता लागतो. बिघाड होतो तो जोरात ब्रेक लावून गाडी पूर्ण थांबल्यावर पाय पेडलवर तसाच दाबून ठेवला की. तापलेला पॅड एकाच जागी टेकून राहतो आणि तिथे जास्त द्रव्य सोडतो. पुढच्या प्रत्येक फेऱ्यात त्या जागी घर्षण जास्त, म्हणून उष्णता जास्त आणि म्हणून थर आणखी जाड. तापमान 650-700 अंशांपलीकडे गेलं तर बिडातल्या लोहाचा आणि कार्बनचा सिमेंटाइट हा फार कठीण पदार्थ बनतो. आजूबाजूचं बीड झिजतं, हा डाग झिजत नाही आणि उंचवटा वाढत जातो. डाग खोलवर असेल तर लेथवर घासूनही काही हजार किलोमीटरनंतर थरथर परत येते.

दुसरं कारण बसवण्यातलं. हबवरचा, म्हणजे चाक आणि डिस्क ज्यावर बसतात त्या भागावरचा, गंज न काढता डिस्क चढवली किंवा व्हील नट असमान आवळले की डिस्क किंचित डगमगत फिरते. ब्रेक न लावताही तिची एक बाजू दर फेऱ्याला पॅडला चाटून जाते आणि तिथेच झिजते. त्यामुळे काम झाल्यावर गाडी छान चालते आणि तक्रार काही महिन्यांनी सुरू होते.

जाडीत फक्त 0.02 मिलिमीटरचा फरकही पायाला कळू शकतो. तो डोळ्यांना दिसत नाही, मायक्रोमीटरच लागतो. जबड्यांत धरून मोजायचा व्हर्नियर कॅलिपर इथे फसवतो, कारण डिस्कच्या कडेला न झिजलेली धार उरते आणि त्याचे जबडे तिच्यावरच टेकतात. कडेपासून साधारण 10-15 मिलिमीटर आत, गोलाकार आठ ठिकाणी मोजायचं. सर्वांत कमी आकडा डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीशी ताडायचा. 'मिन टीएच' या इंग्रजी अक्षरांपुढे ती लिहिलेली असते. त्याखाली गेली की डिस्क बदलायचीच, ती घासायचीही नाही.

पॅडचं काम सोपं. सपाट जागा, चाकांना दगड, नट आधी सैल, मग जॅक आणि त्याखेरीज स्टँड. नव्या पॅडवर 10-12 मिलिमीटर घर्षणद्रव्य असतं. 3 मिलिमीटरला आलं की बदला. मागची पोलादी पट्टी त्यात धरू नका. चाकाच्या फटीतून दिसतो तो फक्त बाहेरचा पॅड. पॅड धरून दाबणारा ब्रेकचा कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना सुकून अडकल्या की आतला आधी संपतो, म्हणून चाक काढून तोही पाहा. दोन्हींत मोठा फरक दिसला तर पिना साफ करून त्यांना ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावा. साध्या ग्रीसने रबर फुगतं. पॅड झिजले की टाकीतलं ब्रेक ऑइल खाली जातं. ते न तपासता वरून भरलं, तर नवे पॅड घालताना पॅड दाबणारा पिस्टन मागे ढकलला की तेल उतू जातं आणि रंग खातं.

पावसाळ्यात सकाळी येणारी खरखर बहुधा गंजाची, दोन-चार ब्रेकांत जाते. टिकून राहणारी किंकाळी म्हणजे बहुधा पॅडवरची इशारापट्टी डिस्कला लागली. बंपरला दर शनिवारी नवं लिंबू-मिरची बांधणारे हा आवाज महिनोन्‌महिने ऐकत गाडी हाकतात, हे पाहून खरोखर वाईट वाटतं. घाट उतरल्यावर तापलेल्या डिस्कवर पाणी ओतणंही तितकंच घातक, बिडाला तडे जातात.

नवे पॅड बसवल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबा, नाहीतर पहिला ब्रेक लागतच नाही. मग मोकळ्या रस्त्यावर 60 वरून 10 पर्यंत वेग आठ-दहा वेळा उतरवा, मध्ये पूर्ण न थांबता. थर सारखा बसतो. नंतर काही किलोमीटर ब्रेक न लावता डिस्क वाऱ्यावर निवू द्या.