सड्यावरचा पाऊस, रायीतला चिखल

गोव्याच्या नकाशावर पूर्वेची कड धरून वरून खाली बोट फिरवलं, तर बहुतेक वाट अभयारण्यांतूनच जाते. सत्तरीत २०८ चौरस किलोमीटरची म्हादई, मोल्याला भगवान महावीर, पुढे नेत्रावळी आणि शेवटी काणकोणात खोतीगाव. पर्यटकांना यातला दूधसागर तेवढा ठाऊक. ३१० मीटरवरून कोसळणारं ते पाणी पुढे खांडेपार नदीत जातं आणि ओप्याच्या जलशुद्धीकरण प्रकल्पातून नळाला येतं, हे मात्र आंघोळ करताना कोणाच्या ध्यानात येत नाही.

मला विचाराल तर धबधब्यापेक्षा पाहण्यासारखा आहे तो सडा. जांभ्या दगडाचं हे पठार उन्हाळ्यात उजाड, करपलेलं दिसतं आणि सरकारी कागदांत सहज ‘पडीक’ ठरतं. लाखो वर्षांच्या पावसाने मूळ खडकातली विरघळणारी द्रव्यं धुऊन नेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं. तोच हा जांभा. मातीचा थर वीतभरही नाही, त्यात नायट्रोजन नावापुरता. म्हणून पावसाळ्यात इथे फुलणारी निळी-जांभळी सीतेची आसवं चक्क मांसाहारी आहेत. जमिनीखालच्या बारीक पिशव्यांत ती पाण्यातले सूक्ष्म जीव ओढून घेतात.

जांभा सच्छिद्र. पाऊस त्यातून झिरपतो, खालच्या चिकणमातीवर अडतो आणि डोंगराच्या पायथ्याशी झर होऊन बाहेर पडतो. व्हाळ, म्हणजे ओहोळ, मार्गशीर्षानंतरही वाहतात, माड-पोफळीची कुळागरं शिंपली जातात, ती या साठ्यावर.

जिथे दरीत गोडं पाणी बारमाही साचून राहतं, तिथे फार दुर्मिळ जंगल उभं राहतं. सत्तरीत बांबरला निरंकाराची राय, म्हणजे देवराई, आहे. इथली झाडं रानजायफळाच्या कुळातली. पायाखाली काळा, मऊ चिखल आणि त्यातून जागोजागी वर आलेली मुळं: जमिनीतून वर येतात, वाकतात, पुन्हा चिखलात शिरतात. गुडघा मुडपून बसल्यासारखी. पाणथळ चिखलात प्राणवायू जवळपास नसतो, म्हणून मुळांना श्वासासाठी डोकं वर काढावं लागतं. मांडवीच्या मुखाकडे, चोडणच्या खारफुटीतही मुळं चिखलातून वर आलेली दिसतात. तिथलं पाणी खारं, झाडांचं कुळ वेगळं, अडचण मात्र तीच.

राय टिकली ती देवाच्या धाकाने; तिथे कोयता चालत नाही. पण वरचा सडा कोणत्याच देवाचा नाही. तो खणला, झर आटली, तर खालचा चिखल सुकतो. रानजायफळाची बी मोठी, ओलसर. वाळली की मरते. कडधान्यासारखी डब्यात भरून पुढच्या पावसापर्यंत ठेवता येत नाही. ती पडते, ओल्या चिखलात लगेच रुजते, किंवा लाल जायपत्रीच्या लोभाने धनेश पक्षी ती गिळून दुसऱ्या दरीत टाकतो. त्या दरीतही पाणी असावं लागतं.